रिफ्रॅक्टोमीटर ३५ म्हणतोय, पेन ३३.५, कॅलिब्रेशन फ्लुइडवर ३२... टँकची सॅलिनिटी नक्की धरायची किती?

खारंपाणी_राजारामपुरी

मंडळी नमस्कार. घरी दीडशे लिटरचा मरीन टँक आहे, क्लाऊनची जोडी, एक गोबी, आणि कोरलमध्ये थोडे झोआ, लेदर आणि एक हॅमर. मासे झकास आहेत पण हॅमर पहिल्यासारखा फुलेना झालाय म्हणून सगळे पॅरामीटर परत तपासायला बसलो आणि सॅलिनिटीवरच, म्हणजे पाण्याच्या खारेपणावरच, गाडी अडली.

माझ्याकडं ऑनलाईन घेतलेला साधा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबात प्रकाश किती वाकतो त्यावरनं मीठ सांगणारा) आहे, काळ्या मुठीचा, सगळीकडं मिळतो तोच. वर एटीसी (तापमानाची आपोआप दुरुस्ती) लिहिलंय, आत निळा पडदा आणि त्यावर ० ते १०० पीपीटी (हजार भागांत मीठ किती), शेजारी एसजी (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता). अधनंमधनं आरओच्या पाण्यावर झिरो बघतो, जवळजवळ हलतच नाही. त्यावर टँक ३५ दाखवतोय. सांगलीचा एक मित्र आलेला, त्याच्याकडं डिजिटल पेन आहे कंडक्टिव्हिटीवालं (पाण्यातनं वीज किती वाहते ते बघणारं), त्यानं ते बुडवलं तर ३३.५. मग त्यानंच सांगितलं की आरओवर झिरो करून भागत नाही, ३५ चं कॅलिब्रेशन फ्लुइड (यंत्र लावून घ्यायचं खात्रीचं पाणी) आण. ते इथंच एका ओळखीच्या टँकवाल्याकडं अर्धी बाटली होती, त्यानं दिली बिचाऱ्यानं, त्यावर ३५ ला सेट केलं आणि टँकचं पाणी टाकलं तर ३२! आणि कपाटात जुना स्विंग आर्म (हलत्या काट्याचा हायड्रोमीटर) पडलेला तो म्हणतोय १.०२३, म्हणजे ३०-३१ धरा.

एकच टँक, एकाच मगातलं पाणी, आणि आकडे चार. आता ३५ धरून गप्प बसू, का मीठ वाढवू, आणि वाढवायचं तर किती? ज्या दुकानातनं मासे घेतो त्यांना विचारलं तर म्हणाले "मासे पळतायत न्हवं, मग झालं की". पुढच्या महिन्यात अजून कोरल घ्यायचा विचार आहे त्यामुळं एकदा हे नीट लावून टाकायचं आहे. जाणकारांनी सांगा.

क्लाऊनवाला_शाहूपुरी

भावा एवढा डोक्याला ताप करून घेऊ नको. मी वर्षानुवर्षं स्विंग आर्मवरच टँक चालवतोय, क्लाऊन अंडी घालत्यात. ३२ काय आणि ३५ काय, मासा मरत नाही. सॅलिनिटी एका जागी स्थिर असली की बास, आकडा कुठला का असेना. उन्हाळ्यात पाणी उडतंय तेवढं रोज गोडं पाणी टाकून रेघेवर आणायचं, खारं पाणी टाकायचं नाही, कारण उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. एवढं पाळलं तर यंत्राची पूजा करत बसायची गरज नाही असं माझं मत.

उद्यमनगर_क्यूसी

क्लाऊनवाले, स्थिर पाहिजे हे शंभर टक्के बरोबर, पण स्थिर आहे हे ज्यानं मोजायचं तेच स्थिर नसेल तर काय करणार. आज याचा रिफ्रॅक्टोमीटर पडला, फुटला, नवीन आणला आणि तो दोनानं वेगळा निघाला, तर हा पठ्ठ्या चांगल्या टँकमध्ये मीठ ओतणार किंवा पाणी काढणार. शिवाय अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं सॅलिनिटीबरोबर वरखाली होतं, ते आकडे कशाच्या जोरावर वाचायचे मग.

मी उद्यमनगरात क्यूसीला (मालाच्या तपासणीला) आहे, दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात, त्यामुळं हे दुखणं रोजचं. व्हर्नियरचे जबडे मिटून झिरो बघितला आणि झिरो बरोबर आला म्हणजे १०० एमएमला पण बरोबर दाखवेल असं नसतं, म्हणून तर ज्या मापावर काम करायचं त्या मापाचा स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) लावून बघतो आपण. रिफ्रॅक्टोमीटरचं हुबेहूब तेच. आरओवर झिरो केला म्हणजे शून्यापाशी तो खरा बोलतोय एवढंच कळलं. तुमचं काम ३५ ला आहे. शून्यापासनं ३५ पर्यंत जाता जाता स्केलच वाकडी असेल तर स्क्रू कितीही फिरवा, झिरोवर ती चूक दिसणारच नाही. स्क्रूनं अख्खी स्केल वर किंवा खाली सरकते, तिचा उतार बदलत नाही. म्हणून स्क्रू ३५ च्या आसपासच्या खात्रीच्या पाण्यावरच लावायचा, मग शून्याला तो एक-दीड चुकीचा दाखवला तरी सोडून द्यायचं, शून्य पीपीटीत कोण मासे पाळतंय.

आता वाचताना काय काय बघायचं. पहिलं, तुम्ही रीडिंग टँकच्या लाईटखाली घेता का? निळ्या एलईडीखाली घेत असाल तर बंद करा. या स्केली पिवळ्या प्रकाशाच्या हिशोबानं आखलेल्या असतात, ५८९ नॅनोमीटर, आणि निळा प्रकाश काचेत आणि पाण्यात जास्त वाकतो त्यामुळं रेघ सरकते. खिडकीजवळ दिवसाउजेडी किंवा साध्या पांढऱ्या बल्बकडं तोंड करून बघा. दुसरं, एटीसी लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. आत दोन धातूंची पट्टी असते ती यंत्राच्या तापमानाप्रमाणं स्केल हलवते, थेंबाच्या तापमानाप्रमाणं नाही. त्यामुळं थेंब टाकून अर्धा-एक मिनिट थांबायचं म्हणजे पाणी प्रिझमच्या तापमानाला येतं. आणि ती पट्टी बहुतेक यंत्रांत १० ते ३० डिग्रीपर्यंतच काम करते. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी दोनला खोलीत ३४ असतंय, तवा एटीसीला पण घाम फुटतो. सकाळी बघत जावा.

तिसरं आणि सगळ्यात जास्त लोक इथंच मार खातात. प्रिझमवर आदल्या वेळचं मीठ वाळलेलं असतं, नाहीतर ड्रॉपरच्या टोकाला पांढरी कड असते. दोन-तीन थेंबांत तेवढं मीठ विरघळलं की आकडा सरळ दोन-तीननं वर. ड्रॉपर आधी टँकच्या पाण्यानं दोन-तीनदा भरून रिकामा करा, मग थेंब टाका. झाकण लगेच लावा, खाली बुडबुडा राहू देऊ नका, आणि डोक्यावर पंखा फिरत असेल तर बंद करा कारण उघड्या प्रिझमवर थेंब बघता बघता आटतोय. झालं की गोड्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपायचं, घासायचं नाही, प्रिझमवर चरे पडले की रेघ धूसर होते.

त्या अर्ध्या बाटलीवर माझा संशय आहे. किती जुनी आहे आणि टोपण कसं होतं?

ऊसपट्टा_कागल

मध्येच घुसतोय माफी. आमचा मामा साखर कारखान्यात शेती खात्यात आहे, त्याच्याकडं उसाचा ब्रिक्स (रसातलं साखरेचं प्रमाण) बघायचा हँड रिफ्रॅक्टोमीटर असतो. दिसायला सेम टू सेम. तो चालंल का टँकला? नवीन कशाला घ्यायचा उगं.

रसायन_मॅडम

ऊसपट्टा, तत्त्व एकच आहे, द्रावणात प्रकाश किती वाकतो ते दोन्ही बघतात, पण तुमच्या मामांच्या यंत्राची स्केल साखरेची आहे. ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी त्यावर साधारण साडेचार ब्रिक्सच्या आसपास दिसेल. आणि त्या स्केलीवर सगळ्यात बारीक रेघ ०.२ ची असते, म्हणजे एका रेघेत साधारण दीड पीपीटी गेली. उसाला पुरेसं आहे, कोरलला नाही. मामांना परत देऊन टाका, गळीत हंगामात त्यांना लागेल.

आता मूळ प्रश्न. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि घरी छोटा टँक आहे, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

क्यूसी साहेब म्हणाले की स्केलीचा उतारच वाकडा असू शकतो, तो का वाकडा असतो ते सांगते. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त "सॅलिनिटी" रिफ्रॅक्टोमीटर मुळात समुद्राच्या पाण्यासाठी नाहीतच, ते साध्या मिठाच्या पाण्यासाठी आहेत, लोणची-खारवणवाल्या उद्योगांसाठी. समुद्राच्या मिठात सोडियम आणि क्लोराईड मिळून ८५ टक्के, बाकी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही. या मिश्रणात प्रकाश जरा जास्त वाकतो. ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्यात प्रकाश जेवढा वाकतो तेवढाच साध्या मिठाच्या ३६.५ पीपीटी द्रावणात वाकतो. म्हणजे मिठाच्या स्केलीवरचा रिफ्रॅक्टोमीटर, शून्यावर अगदी अचूक लावलेला असला तरी, खऱ्या ३५ ला ३६.५ म्हणणार. उलट बाजूनं बघा, तो जेव्हा ३५ म्हणतो तेव्हा टँकमध्ये असतात साधारण ३३.५.

राजारामपुरी, ओळखीचा वाटतोय का आकडा? तुमच्या सांगलीच्या मित्राचं पेन हेच म्हणत होतं. मला तरी वाटतंय पेन खरं बोलतंय, आणि तुमचा रिफ्रॅक्टोमीटर पण बिघडलेला नाही, फक्त तो दुसऱ्याच पाण्यासाठी बनवलाय.

पटत नसेल तर घरीच बघता येतं. साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम, एकूण एक किलो. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरसाठी ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याच्या बरोबरीचं. आधी आरओवर झिरो ठेवा आणि हे टाका. ३६.५ दिसलं तर स्केल मिठाची, ३५ दिसलं तर समुद्राची. मग स्क्रू फिरवून ३५ ला आणा आणि वापरा.

एक मात्र लक्षात ठेवा, हेच द्रावण पेनला किंवा हायड्रोमीटरला लावायचं नाही. प्रकाश वाकणं, वीज वाहणं आणि पाण्याची घनता या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि साधं मीठ तिन्हींत समुद्राची नक्कल एकाच प्रमाणात करत नाही. पेनसाठी किलोमागे ३०.३ ग्रॅम मीठ लागतं, त्याला २५ डिग्रीला ५३ मिलिसीमेन्स येतात, समुद्राच्या ३५ ला येतात तेवढेच. हायड्रोमीटरसाठी ३७.१ ग्रॅम, त्याची एसजी १.०२६४. तीन यंत्रं, तीन बाटल्या. लोक एकाच बाटलीवर सगळं लावतात आणि मग चार आकडे येतात.

खारंपाणी_राजारामपुरी

मॅडम डोकं चक्रावलं पण कळलं. ३३.५ वाचल्यावर परत जाऊन मित्राचा मेसेज बघितला.

क्यूसी साहेब, बाटली केव्हाची त्यालाही आठवत नाही, फ्लिप टोपण आहे आणि टोपणाच्या कडेला पांढरं पांढरं जमलेलं. रीडिंग टँकच्या लाईटखालीच घेत होतो, निळ्याच.

घरी स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमवाला आहे, चालेल का? मीठ टाटाचं चालेल का? आणि डिस्टिल्ड वॉटर कुठनं आणू, पेट्रोल पंपावर बॅटरीचं मिळतं ते?

उद्यमनगर_क्यूसी

टोपणाच्या कडेला पांढरं म्हणजे विषय संपला. पाणी उडून गेलं, मीठ आत राहिलं, ३५ चं फ्लुइड आता ३६-३७ झालंय. त्यावर तुम्ही ३५ लावलं, म्हणजे यंत्राला जबरदस्तीनं कमी बोलायला लावलं, म्हणून टँक ३२ दिसला. त्या ३२ वर विश्वास ठेवून मीठ घातलं असतं तर टँक ३६ च्या वर गेला असता आणि रिफ्रॅक्टोमीटर गालात हसत ३५ दाखवत बसला असता. ती बाटली मालकाला सांगून टाकून द्या.

एक ग्रॅमचा काटा किलोभर द्रावणाला नको. एक ग्रॅम इकडंतिकडं म्हणजे एक पीपीटी इकडंतिकडं. दोन वाटा आहेत, एक तर माप वाढवा, चार किलोचं करा, १४६ ग्रॅम मीठ आणि ३८५४ ग्रॅम पाणी, म्हणजे तीच एक ग्रॅमची चूक पाव पीपीटीवर येते, काटा तेवढं वजन घेत असेल तर. नाहीतर कोल्हापूरकराला काट्याची काय कमी, गुजरीत कुणी ओळखीचं सराफ असेल तर मीठ तोलून आणा, किंवा हुपरीला कुणी पाहुणा असेल तर त्याच्याकडं चांदीचा काटा असतोच, दोन दशांशवाला. मीठ तिथं तोलायचं आणि पुडीत बांधून आणायचं, पाणी घरच्या काट्यावर चालतं, कारण ९६३ मधला एक ग्रॅम म्हणजे काहीच नाही, खरी नजर मिठावर पाहिजे. पाणी पण तोलूनच घ्या, मेजरिंग जगवर विश्वास नको, त्या रेघा अंदाजपंचे दाहोदरसे असतात.

टाटाचं मीठ चालतं. त्यात आयोडीन आणि मोकळं राहायसाठी घातलेलं असतं ते अगदी थोडं. पण ओलाव्याकडं बघा. हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडं जूनला पाऊस सुरू झाला की हवा त्याच्या कितीतरी वर, बरणीत मिठाला पाणी सुटतं ते उगाच नाही. मिठात तीन टक्के ओल असली तर ३६.५ ग्रॅममध्ये खरं मीठ ३५.४ च आलं, म्हणजे एक पीपीटीची चूक घरातनंच. कढईत मंद आचेवर चांगलं कोरडं करून घ्या, बंद डब्यात गार करा, मग तोला. गरम गरम तोलू नका, काटा हलतो.

पाण्याचं टेन्शन घेऊ नका. बॅटरीचं पाणी चालतं. घरच्या प्युरिफायरचं ५० टीडीएसचं पाणी असलं तरी ते ०.०५ पीपीटी, या यंत्राला दिसणार पण नाही. टँकमध्ये टॉप-अपला (उडालेलं पाणी भरायला) मात्र शून्य टीडीएसच पाहिजे, तिथं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेटचा प्रश्न आहे, तो वेगळा विषय. नळाला थेट पाइपलाईनचं येऊ दे नाहीतर पंचगंगेचं, तसं टँकमध्ये ओतायचं नाही.

आणि एक क्यूसीवाल्यांची सवय सांगतो. द्रावण झालं की छोट्या छोट्या घट्ट टोपणाच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, टोपणावर टेप मारा, आणि प्रत्येक बाटलीवर भरलेलं वजन आणि तारीख लिहा. पुढं कधी उघडायच्या आधी बाटली तोलायची. न उघडता वजन कमी झालं असेल तर पाणी उडालंय, ती बाद. एक बाटली वापरात, बाकी बंद. मोठी बाटली सारखी उघडायची म्हणजे तुमच्या त्या टँकवाल्याच्या फ्लुइडसारखं होतंय.

सांगलीकर_पेनवाला

तो पेनवाला मित्र मीच. 😄 याला तवाच सांगितलं होतं पेन बरोबर आहे, ऐकतंय कोण. पण उगं छाती फुगवायला नको, पेनचं पण नखरं आहेत.

पेनला ताज्या पाकिटावर लावलं होतं येताना. ती पाकिटं एकदाच वापरायची असतात, एकदा फाडलं की त्यातच बुडवून कॅलिब्रेट करायचं आणि फेकायचं, लोक परत बाटलीत भरून ठेवतात ते करू नका. बुडवल्यावर आत बुडबुडा अडकतो आणि आकडा खाली येतो, कारण बुडबुड्यातनं वीज जात नाही, म्हणून पाण्यातच हळू टिचकी मारून बुडबुडा काढायचा. तापमान पेन स्वतः धरतं पण त्याला वेळ द्यायला लागतो, गार पेन गरम पाण्यात घातलं की पहिला आकडा खोटा असतो, हलायचं थांबलं की वाचायचं. पंप, हीटर यांच्या जवळ डायरेक्ट टँकमध्ये बुडवू नका, मगात पाणी काढून घ्या, टँकमध्ये बारीक करंट लीक असला तर पेन येडं होतं. आणि वापरल्यावर गोड्या पाण्यात खळखळून ठेवायचं, इलेक्ट्रोडवर मीठ किंवा कॅल्शियम बसलं की वाट लागली, मग थोडा वेळ व्हिनेगरमध्ये.

अजून एक, आमच्या इथं एकजण पाणी फिल्टरवाल्याचं टीडीएसचं पेन घेऊन टँक मोजायला बसलेला. ते ९९९९ पर्यंत जातं, समुद्राचं पाणी ३५००० च्या आसपास. ते पेन आरओचं पाणी तपासायला ठेवा.

घाटउतार_मलकापूर

एवढं कशाला, मी आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातोच कामाला, येताना समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणतो, समुद्र ३५ असतोय, त्यावरच यंत्र लावायचं की. फुकटात काम.

रसायन_मॅडम

घाटउतार, समुद्र ३५ हा सरासरी आकडा आहे. किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी तो भरपूर हलतो, आणि कोकणात पावसाळ्यात नद्या भरून आल्या की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी कितीतरी गोडं होतं. उन्हाळ्यात उथळ जागी उलट वाढतं. टँकला वापरायचं तर वापरा, पण आधी ते मोजायला लागतं, आणि मोजायला यंत्र लावलेलं लागतं. ज्याला मोजायचं त्यानंच यंत्र लावायचं म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावण्यासारखं.

हवं तर एक मजेची गोष्ट, शास्त्रज्ञांचा स्वतःचा ३५ चा आकडा पण समुद्रावर टांगलेला नाही. १९७८ च्या स्केलीप्रमाणे तो पोटॅशियम क्लोराईडच्या ठराविक द्रावणाशी, किलोला ३२.४३५६ ग्रॅम, १५ डिग्रीला, विजेच्या वहनाची तुलना करून ठरतो. म्हणजे त्यांनीही शेवटी काट्यावर तोललेल्या मिठाचाच आधार घेतला.

खारंपाणी_राजारामपुरी

मंडळी झालं एकदाचं. हुपरीचा पाहुणा कामी आला. मीठ कढईत फिरवून, डब्यात गार करून नेलं, त्यानं चांदीच्या काट्यावर १८.२५ ग्रॅमच्या पुड्या बांधून दिल्या, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या हिशोबानं, प्रत्येक पुडीला ४८१.७५ ग्रॅम पाणी. पाहुण्याच्या कारागिरांनी विचारलं हे काय औषध आहे का म्हणून.

सकाळी, खिडकीत, पंखा बंद. आधी बॅटरीच्या पाण्यावर झिरो, तो जागेवर. मग मिठाचं पाणी टाकलं, एक मिनिट थांबलो, रेघ बरोबर ३६ आणि ३७ च्या मध्ये. मॅडम, ३६.५! स्केल मिठाचीच निघाली. परत धुऊन दुसऱ्या पुडीचं पाणी टाकलं, तिथंच. मग स्क्रू फिरवून ३५ ला आणला, टँकचं पाणी टाकलं, ३३.५. सांगलीकराचं पेन जे म्हणत होतं तेच.

मग गंमत म्हणून ती अर्धी बाटली पण टाकून बघितली, ती ३६.५ च्या जरा वर आली. म्हणजे क्यूसी साहेब म्हणाले तसंच, ३५ चं फ्लुइड उडून उडून घट्ट झालेलं. आकड्यांचा हिशोब पण जुळतो, ती बाटली दीडनं जास्त आणि स्केल दीडनं जास्त, दोन्ही मिळून तीन, म्हणून ३५ चा ३२ झाला.

निळ्या लाईटखाली पण मुद्दाम बघितलं. रेघ फिकट आणि जाड दिसते, नक्की कुठं धरायची कळतच नाही, दिवसाउजेडी पांढरा-निळा असा सरळ काप दिसतो.

स्विंग आर्म राहिला, तो अजून १.०२३ च म्हणतोय. ३३.५ ला १.०२५ पाहिजे ना?

क्लाऊनवाला_शाहूपुरी

हां, हे मला विचार. त्या काट्याच्या बुडाशी, पिन आहे तिथं बघ, मिठाचा थर असणार. थर बसला की काटा जड होतो, वर यायला बघत नाही, कमी दाखवतो. उलट काट्याला बुडबुडे चिकटले की हलका होऊन जास्त दाखवतो, म्हणून भरल्यावर टेबलावर हळू आपटायचं आणि चमच्यानं बुडबुडे उडवायचे. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेव, धू, गोड्या पाण्यात दिवसभर भिजव आणि मग बघ. सपाट जागी ठेवूनच वाचायचं, डब्बा तिरका असला तर आकडा तिरका. माझा पण काढून बघतो आता तुमच्यामुळं, लई दिवस झाले.

रसायन_मॅडम

व्हिनेगरनंतर ३७.१ ग्रॅमवाल्या द्रावणावर बघा, २५ डिग्रीच्या आसपास १.०२६ च्या थोडं वर आला पाहिजे. नाही आला तर फरक डब्यावर मार्करनं लिहून ठेवा, "अधिक दोन" वगैरे, आणि अडीनडीला वापरा. काचेचा तरंगणारा हायड्रोमीटर कुणी घेणार असेल तर तो किती तापमानाला आखलाय ते आतल्या कागदावर वाचून घ्या. ६० फॅरनहाइटवाला असेल आणि पाणी २५ सेल्सियस असेल तर खरं ३५ असताना तो १.०२४ च्या आसपास दाखवेल, घाबरून मीठ टाकू नका. पाण्याचा पृष्ठभाग काचेला चिकटून वर चढतो ती कड वाचायची नाही, खालची सपाट पातळी वाचायची.

उद्यमनगर_क्यूसी

आता टँक ३३.५ चा ३५ ला न्यायचा तर घाई करू नका. रोजच्या टॉप-अपला काही दिवस गोड्या पाण्याऐवजी ३५ चं मिसळलेलं खारं पाणी टाका. दीडशे लिटरला रोज दोन लिटर उडत असेल तर दिवसाला अर्ध्या पीपीटीच्या आत वाढेल, तीन-चार दिवसांत जागेवर. सुकं मीठ टँकमध्ये टाकू नका, कोरलवर पडलं तर भाजतं. एटीओ (आपोआप टॉप-अप करणारं यंत्र) असेल तर त्याच्या टाकीत खारं पाणी आहे हे विसरू नका, ३५ झालं की त्या दिवशी टाकी रिकामी करून गोडं भरा, नाहीतर ते यंत्र इमानदारीत चढवतच राहील.

हॅमरचं मी खात्रीनं सांगत नाही, ३३.५ ला तो रुसायचं कारण नाही. फ्लो आणि अल्कलिनिटी बघा, आणि अल्कलिनिटीची टेस्ट सॅलिनिटी ३५ झाल्यावरच परत करा, आत्ताचे सगळे आकडे चार-पाच टक्क्यांनी कमी येणार.

खारंपाणी_राजारामपुरी

केलं तसंच, खारं टॉप-अप आजपासनं चालू. हॅमरवरचा फ्लो पण जरा वळवला. टेस्ट पुढच्या आठवड्यात टाकतो इथं.

पाच-सहा छोट्या बाटल्या भरून टेप मारून वजन लिहून ठेवल्यात, रिफ्रॅक्टोमीटरवाल्या. राजारामपुरी-शाहूपुरीत कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जावा, पैसे नकोत.

ऊसपट्टा_कागल

एक मला ठेवा भाऊ, रविवारी येतो. मामाचा ब्रिक्सवाला परत केला, नवीन मागवलाय.

सांगलीकर_पेनवाला

ऊसपट्टा, घेऊन जा पण पेन घेतलंस कधी तर त्यात ती बाटली ओतू नकोस, त्याला ३०.३ ची वेगळी लागते. राजारामपुरी, बाटल्यांवर मोठ्या अक्षरात "फक्त रिफ्रॅक्टोमीटर" लिही आधी.